एचआयव्ही असलेल्या दादांना कोविड झालाय, आणि ते रोजची गोळी थांबवायची म्हणतात

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. दादा ४९ वर्षांचे. बारा वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांवर; सध्या टीएलडीची (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र) रोज रात्री एक गोळी. शेवटचा सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) ६१०, व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण) 'नॉट डिटेक्टेड'. डायबेटिस आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन एक ग्रॅम सकाळी, एक ग्रॅम रात्री. चार दिवसांपासून ताप-खोकला, काल कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली. फॅमिली डॉक्टरांनी पाच-सहा औषधं दिली आहेत, पण त्यांना एचआयव्हीबद्दल माहीत नाही. घरातही वहिनी आणि तुम्ही सोडून कोणाला माहीत नाही. दादांचं म्हणणं, 'एवढ्या गोळ्या अंगाला झेपणार नाहीत, आठवडाभर ती रात्रीची बंद ठेवतो.' आणि तुम्ही विचारताय, एचआयव्ही असल्यामुळे कोविड त्यांना जास्त बाधेल का? सोबत औषधांची यादी पाठवलीय, आणि काढा चालेल का, लस चालते का, डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे का आणि सांगायचं कसं, हेही विचारलंय.

मी सतरा वर्षं एआरटी केंद्रात काम करतोय. कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत सकाळी आमची ओपीडी आणि दुपारनंतर कोविड वॉर्ड अशी ड्यूटी होती. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर बरंचसं दिलासा देणारं आहे. काळजी वाटते ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्याची, डॉक्टरांना माहीत नाही या वाक्याची.

पहिल्यांदा धोक्याबद्दल. २०२० च्या सुरुवातीला आम्हालाही काही माहीत नव्हतं. एक तर्क असा होता की प्रतिकारशक्ती कमी म्हणजे आमची माणसं पटापट जातील. दुसरा बरोबर उलटा: कोविडमध्ये प्रतिकारशक्ती पिसाळल्याने नुकसान होतं, तर इथे ती पिसाळणारच नाही. तिसरा तर्क औषधांचा. लोपिनाविर-रिटोनाविर ही आमची सेकंड लाइनची, म्हणजे पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर द्यायची जोडी कोविडवर चालेल म्हणून जगभर वापरून पाहिली गेली. मोठ्या चाचण्यांत, ब्रिटनच्या 'रिकव्हरी'त आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉलिडॅरिटी'त, तिचा काही उपयोग दिसला नाही. टेनोफोविर घेणाऱ्यांना कोविडचा त्रास कमी होतो असं स्पेनमधल्या एका नोंदीत दिसलं होतं, पण तो गुण औषधाचाच होता हे पुढे सिद्ध झालं नाही. तेव्हा 'मी एआरटीवर आहे, मला काय होतंय' ही समजूतही दादांच्या डोक्यात असली तर काढून टाका.

पुढे आकडे आले. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात एचआयव्ही असलेल्यांमध्ये कोविडने मरण्याचा धोका साधारण दुप्पट निघाला. इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीत अडीचपटीच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अनेक देशांतल्या, कोविडमुळे भरती झालेल्या पंधरा हजारांवर एचआयव्ही रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यात मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के जास्त दिसला. हे वाचून घाबरू नका, कारण या सरासरीत सगळे एकत्र आहेत. ज्याने दोन वर्षं गोळी सोडली तोही त्यात आहे, टीबी झालेलाही आहे, आणि दादांसारखा नियमित गोळी घेणाराही आहे. ज्यांचा सीडी-फोर चांगला, लोड दबलेला, त्यांचा धोका इतर माणसांच्या धोक्याजवळ येतो. सीडी-फोर दोनशेच्या खाली असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही आटोक्यात नसलेल्या एका ३६ वर्षांच्या बाईच्या अंगात कोविडचा विषाणू २१६ दिवस टिकून होता आणि तेवढ्या काळात रूप बदलत राहिला. तिथल्याच दुसऱ्या एका तरुण बाईच्या अंगात तो नऊ महिने राहिला आणि एआरटी नीट लागू पडल्यावर काही आठवड्यांत गेला. हे दुसरं उदाहरण दादांना सांगा. रात्रीची ती एक गोळी काय काम करते ते त्यातून कळतं.

तुमच्या दादांच्या बाबतीत मला एचआयव्हीपेक्षा डायबेटिसची धास्ती जास्त आहे. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो आकडा सीडी-फोरपेक्षा जास्त बोलेल. पोटाचा घेर, बीपी, सिगारेट, लशीचे डोस झालेत का, हेही त्यातच धरा. आणि एक सूचना: आत्ता घाईने सीडी-फोर करू नका. कोविडमध्ये रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी तात्पुरत्या घटतात, त्यामुळे ६१० चे २८० दिसू शकतात आणि घरात उगाच रडारड होते. बरे झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी करा.

आता गोळी थांबवण्याबद्दल. थांबवू नका. अंगाला विश्रांती म्हणून एआरटी मध्ये मध्ये बंद ठेवली तर काय होतं हे माणसांवर तपासून झालंय. 'स्मार्ट' नावाच्या चाचणीत पाच हजारांवर लोक होते. २००६ मध्ये निकाल आला तेव्हा औषधाला सुट्टी देणाऱ्यांत आजार आणि मृत्यू जास्त निघाले, म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. कोविडने शरीर आधीच पेटलेलं असताना एचआयव्हीला मोकळं सोडणं म्हणजे घराला आग लागलेली असताना मागचं दार चोराला उघडून देणं. शिवाय टीएलडीतले टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन हे दोन्ही हेपॅटायटिस बीवरही काम करतात. कुणाला ती कावीळ छुपी असेल आणि गोळी एकदम थांबली, तर ती उसळून येऊ शकते. एखाद्या रात्री राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढची गोळी चार तासांवर आली असेल तर ती सोडून पुढची वेळेवर घ्यावी. भरती व्हावं लागलं तर डबी आणि एआरटी केंद्राचं हिरवं पुस्तक (उपचाराच्या नोंदींचं) सोबत न्यायचं. आयसीयूत नाकातून नळी घातलेल्या पेशंटला आम्ही गोळी कुटून, पाण्यात कालवून दिलेली आहे. म्हणजे तिथेही ती बंद करायची गरज पडत नाही.

आता त्या वाक्याकडे. 'डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे का?' याचं उत्तर तुमच्याच यादीत आहे. टीएलडीमधलं डोल्युटेग्राविर मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढवतं. म्हणून हे दोन एकत्र असताना मेटफॉर्मिन दिवसाला एकूण एक ग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. दादा दोन ग्रॅम घेतायत. फॅमिली डॉक्टरांची यात चूक नाही, त्यांना अर्धीच यादी माहीत आहे. एरवी कदाचित जुलाब-मळमळीवर भागलं असतं. पण तापात पाणी कमी पडलं, जेवण तुटलं, मूत्रपिंडावर ताण आला, की हेच मेटफॉर्मिन साठत जातं आणि रक्तात आम्ल वाढून माणूस गंभीर होतो. डोस स्वतःच्या मनाने अर्धा करू नका, साखर वर जाईल. पण आजच्या आज साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) तपासून डॉक्टरांशी बोला. क्रिएटिनिन १.२-१.३ आलं तर लगेच दचकू नका. डोल्युटेग्राविरमुळे हा आकडा थोडा वर दिसतो, मूत्रपिंड खराब नसलं तरी. जुना आकडा हिरव्या पुस्तकात किंवा आधीच्या रिपोर्टमध्ये असेल, त्याच्याशी ताडून बघायचं. हेसुद्धा तपासणाऱ्याला टीएलडी माहीत असेल तरच त्याच्या लक्षात येणार.

तुम्ही पाठवलेल्या औषधांच्या यादीत झिंक आहे आणि छातीत जळजळतं म्हणून पातळ अँटासिडही. झिंक, कॅल्शियम, लोह, अँटासिडमधलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम, हे सगळे पोटात डोल्युटेग्राविरला चिकटून बसतात आणि गोळी धड शोषली जात नाही. म्हणजे दादा गोळी इमानाने घेतायत आणि ती निम्मी वाया जातेय, असं होऊ शकतं. उपाय सोपा आहे. टीएलडी आधी, या वस्तू तिच्यानंतर निदान दोन तासांनी; किंवा त्या आधी घेतल्या असतील तर टीएलडी सहा तासांनी. दादा गोळी रात्री घेतात, तर झिंक सकाळच्या नाश्त्याला ढकला. खरं तर या झिंक आणि व्हिटॅमिन सीशिवाय काही अडत नाही, पण ते आपल्याकडे कोविडचा प्रसाद झालंय, देवळात गेल्यावर घ्यावाच लागतो.

अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल ठीक. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि इंजेक्शनं टाळा. टेनोफोविर, कमी पाणी आणि डायक्लोफेनॅक हे तिघं एकत्र आले की मूत्रपिंडाला इजा होते, आणि ती मी पाहिलेली आहे. काढ्याचं विचारलंत म्हणून: आलं, तुळस, गवती चहा खुशाल घ्या. गुळवेलीच्या काढ्यावर माझा हात आखडता आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद तज्ज्ञांना लढू दे, आपल्या पेशंटवर कशाला प्रयोग.

दादा सेकंड लाइनवर असते, म्हणजे अटाझानाविर-रिटोनाविर वगैरे, तर मी याहून जास्त कडक बोललो असतो. तुम्हाला हे लागू नाही, पण वाचणाऱ्या कुणाला तरी लागू असेल म्हणून सांगतो. २०२१ च्या पावसाळ्यात आमची एक जुनी पेशंट आली, चेहरा गोल, गाल लाल, पोट वाढलेलं, दंड मात्र काड्यांसारखे. मला वाटलं माहेरपण मानवलं. मग तिने पिशवीतून इनहेलर काढला. कोविडनंतरच्या खोकल्यासाठी कुठल्याशा दवाखान्यातून ब्युडेसोनाइडचा पंप मिळाला होता, दोन महिने चालू होता. रिटोनाविर त्या स्टेरॉइडला शरीरातून बाहेर पडू देत नाही. पंपातला चिमूटभर डोस रक्तात साठत गेला आणि तिच्या अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणं बंद पडलं. असा पंप एकदम बंदही करता येत नाही. पूर्ववत व्हायला चार-पाच महिने गेले. पंप लिहून देणाऱ्याला दोष कसा देऊ? बाईने 'दुसरं काही औषध चालू आहे का' याला 'नाही' म्हटलं होतं. तसंच अटाझानाविर घेणाऱ्याने ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल सवयीने घेतली तर अटाझानाविर नीट शोषलं जात नाही.

आता 'सांगायचं कसं'. हे अवघड आहे हे मी नाकारत नाही. गावात डॉक्टरांचा कंपाउंडर शेजारच्या आळीत राहतो, आणि कायद्याची कलमं सांगून ती भीती जात नाही. मे २०२१ मध्ये वॉर्डात एका पेशंटचा डबा यायचा, त्यात भाकरीच्या फडक्यात बी-कॉम्प्लेक्सची बाटली. लेबल नखाने खरवडलेलं. आत टीएलडीच्या गोळ्या, आणि त्या खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस कोंबलेला. तो माणूस ऑक्सिजनची नळी काढून, भिंत धरत संडासात जाऊन गोळी घ्यायचा. तेवढ्या चालण्याने त्याचा ऑक्सिजन ८४ वर यायचा. सिस्टरने तिसऱ्या दिवशी ते टिपलं. मी त्याच्या कॉटशेजारी बसून हळूच म्हटलं, 'रात्रीची आपली गोळी इथे पाण्याबरोबर घ्या, मीच ती देणाऱ्यांपैकी आहे.' त्याने आधी डोळे मिटले, मग हात जोडले.

गंमत बघा, आमच्या ओपीडीत जो शब्द वर्षानुवर्षं कुजबुजत उच्चारला गेला, तो 'पॉझिटिव्ह' २०२० मध्ये लोक बसस्टँडवर फोनवर ओरडून सांगायला लागले. एकाच शब्दाच्या नशिबात केवढा फरक.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तेवढं माहीत असू द्या. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि संमतीशिवाय ही माहिती बाहेर फोडता येत नाही. व्यवहारात मी असं सुचवतो. दादांनी डॉक्टरांना एकटं गाठावं किंवा फोन करावा, क्लिनिकच्या व्हॉट्सॲपवर काही टाकू नये, कारण तो फोन कोणाच्या हातात असतो कोण जाणे. वाक्य साधं ठेवावं: 'मी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर घेतो, त्यांच्याशी जुळतील अशीच औषधं द्या, आणि हे तुमच्या-माझ्यात ठेवा.' ज्याला समजायचं त्याला तीन नावांत समजतं. तरीही जमत नसेल तर आधी आपल्या एआरटी केंद्राच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना गाठा. आम्ही अशा वेळी फॅमिली डॉक्टरांशी पेशंटच्या परवानगीने स्वतः बोलतो, आणि डॉक्टर-डॉक्टर बोलले की विषय औषधांवर राहतो, माणसावर घसरत नाही. १०९७ ही नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची, मोफत हेल्पलाइनही आहे. घरातल्या बाकीच्यांना सांगायचं की नाही, तो दादांचा निर्णय. कोविडच्या निमित्ताने त्यांच्यावर तो लादू नका.

बोलायची घाई आणखी एका कारणाने आहे. निरमॅट्रेल्व्हिर-रिटोनाविर हे कोविडचं तोंडाने घ्यायचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत चालू करावं लागतं, आणि दादांचा चौथा दिवस आहे. वय, डायबेटिस, लस आणि क्रिएटिनिन बघून ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. टीएलडीशी त्याचं भांडण नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी, रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांशी मात्र आहे, म्हणून पुन्हा तेच, पूर्ण यादी. आणि हे लक्षात ठेवा: यातही रिटोनाविर आहे, पण म्हणून ते एचआयव्हीचं औषध होत नाही. 'यातही तेच आहे, मग टीएलडी कशाला' असा हिशोब करणारा पेशंट मला भेटलाय.

घरी लक्ष काय ठेवायचं? ऑक्सिजन दिवसातून चार वेळा मोजा, बोट गरम करून, नेलपॉलिश नसलेलं. ९४ च्या खाली आला तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. बसल्या जागी ९७ असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजा. तीन-चार आकड्यांनी घसरला किंवा दम लागला तरीही हॉस्पिटलच. पाचवा ते दहावा दिवस जास्त सांभाळायचा. ऑक्सिजन नीट असताना कुणी 'लवकर बरं वाटेल' म्हणून डेक्सामेथासोन किंवा दुसरं स्टेरॉइड दिलं तर घेऊ नका. ऑक्सिजन लागणाऱ्यांचे जीव त्याने वाचले हे खरं, पण ज्यांना लागत नाही त्यांना फायदा नाही, आणि डायबेटिसवाल्याची साखर त्याने चारशेवर जाते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले ते महाराष्ट्राने पाहिलंय.

शेवटचं, माझ्याच चुकीतून आलेलं. ऑगस्ट २०२० मध्ये वॉर्डात एक तरुण आला. कोरडा खोकला, दम, सीटीत दोन्ही फुप्फुसांत काचेसारखे धूसर पट्टे. रिपोर्टवर लिहिलेलं, कोविडची दाट शक्यता. आरटीपीसीआर दोनदा निगेटिव्ह आली, तर आम्ही म्हटलं टेस्ट चुकली. खोकला पाच आठवड्यांचा होता हे त्याचा भाऊ सांगत होता, ते कुणी ऐकलं नाही, मीही नाही. पाचव्या दिवशी पाणी पिताना त्याचा मास्क खाली आला आणि मला त्याच्या जिभेवर, टाळ्यावर दह्यासारखा पांढरा थर दिसला. आम्ही सगळे पीपीईत, तो मास्कमध्ये, पाच दिवसांत एकानेही त्याला 'आ कर' म्हटलं नव्हतं. एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला, सीडी-फोर ३८. तो कोविड नव्हताच, न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया होता, प्रतिकारशक्ती फार खालावल्यावर गाठणारा. कोट्रायमोक्साझोलचा मोठा डोस २१ दिवस आणि सोबत स्टेरॉइड, यावर तो वाचला. तेव्हापासून मी कोविडच्या पेशंटलाही तोंड उघडायला लावतो.

दादांच्या सीडी-फोरला हा न्यूमोनिया होण्याची शक्यता फार कमी. पण टीबीला सीडी-फोरचा मुलाहिजा नसतो. कोविड उतरल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला, संध्याकाळचा ताप आला, वजन उतरायला लागलं, तर 'पोस्ट कोविड' म्हणून बसून राहू नका, थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीची तपासणी करून घ्या. लशीचं विचारलंत, तर कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्हींत अंगात वाढू शकणारा विषाणू नाही, एचआयव्ही असलेल्यांना चालतात. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्या लोकांना आजारांच्या यादीनुसार लस सुरू झाली तेव्हा त्या यादीत एचआयव्हीही होता. बरे झाल्यावर फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशींबद्दल केंद्रात विचारा.

साखर आणि क्रिएटिनिनचे आकडे आले की इथेच लिहा, मी रात्री बघतो. पण त्याआधी दादांना फोन लावून एवढंच विचारा, काल रात्रीची गोळी घेतली होती ना?